कोरड्या दिवसाचे दत्तारामभाऊ

दत्तारामभाऊ परब आमच्या घरी पहिल्यांदा आले ते मागच्या दाराने, आणि आल्या आल्या त्यांनी आमची बाल्दी उपडी केली.

पेडण्यात राहायला येऊन आम्हाला जेमतेम आठवडा झाला होता. माझी बदली इथल्या शाळेत झाली म्हणून डिचोलीहून बिऱ्हाड हलवलेलं. खोके अजून उघडले नव्हते. बाल्दीत महेशचे, म्हणजे माझ्या नवऱ्याचे, दोन पांढरे शर्ट निळीत बुडवून ठेवले होते. निळं पाणी परसभर पसरलं, शर्ट चिखलात पडले. समोर खाकी पँट, पांढरं बनियन आणि गळ्यात शिट्टी अडकवलेला एक पासष्टीचा उंच गृहस्थ कमरेत वाकून रिकाम्या बाल्दीच्या तळाशी बघत होता.

"ह्यां पाणी कधीचां, टीचर?" त्यांनी विचारलं. मी शिक्षिका आहे हे त्यांना कोणी सांगितलं होतं कोण जाणे.

"आत्ताचंच. अर्ध्या तासापूर्वी शर्ट भिजत घातले होते."

"मगे माफी," ते म्हणाले. "अर्ध्या तासाचो गुन्हो नाय. चार दिवसांचो असतो तर नाव लिहिलां असतां."

मग त्यांनी शर्ट उचलून झटकले, नळाखाली धुतले, पिळून दोरीवर घातले आणि आले तसे मागच्या बाजूने निघून गेले. महेश संध्याकाळी घरी आला तेव्हा शर्टांवर निळे नकाशे उमटले होते. तो भांडायला म्हणून परबांकडे गेला आणि तासाभराने हातात अळूची जुडी आणि तोंडात "माणूस चांगला आहे गं" घेऊन परत आला.

दत्तारामभाऊ सरकारी बसचे निवृत्त कंडक्टर. सगळी नोकरी पेडणे ते पणजी आणि पणजी ते पेडणे यांच्या मधे झाली. बसमधून उतरले तरी त्यांच्यातून बस काही उतरली नव्हती. लग्नाच्या पंगतीत ते "आत सरका, आत जागा आहे" म्हणत. देवळात आरती संपली की नकळत "चला" म्हणत. घरी चहा झाला की कोप, म्हणजे पेला, खाली ठेवून टेबलावर दोन टिचक्या मारत, म्हणजे आता पुढच्या कामाला निघा.

त्यांच्या घराला साऱ्या वाड्यात हेवा वाटावा अशी सावली होती. नीरफणस, जांब, भिरंडाची म्हणजे कोकमाची दोन झाडं, कुंपणालगत पोफळी, मधे केळी, आणि या सगळ्यांच्या पायाशी अबोली, अनंत, अळू, हळद. भर दुपारी बारा वाजताही तिथे कपडे वाळत नसत. ही सगळी झाडं काकींनी लावलेली. काकी म्हणजे त्यांची बायको, सरोजिनी. दत्तारामभाऊ सकाळच्या पहिल्या बसवर जात आणि शेवटच्या बसने येत, त्या काळात काकींनी एकेक रोप कुठून कुठून आणून लावलं होतं. "घरात माणूस नव्हतां, मगे झाडां लावलंय," असं त्या अगदी साध्या आवाजात सांगायच्या, आणि दत्तारामभाऊ तेवढ्यापुरते दुसरीकडे बघायचे.

सावली म्हटली की डास आले. पेडण्यात पाऊस सुरू झाला की गणपतीपर्यंत त्या परसात उभं राहणं म्हणजे रक्तदान होतं. निवृत्त झाल्यावर माणसं देवधर्म करतात, नातवंडं खेळवतात. दत्तारामभाऊंनी डास घेतले.

त्यांचं म्हणणं सरळ होतं. "सावलीचो काय गुन्हो? डास सावलीत बसता, पण जन्माक येता तो पाण्यात. सावली ठेवा, पाणी ओता." हे वाक्य ते दिवसातून किमान पाच जणांना ऐकवत. सकाळी पाव घेऊन येणाऱ्या पदेराला, वीज मोजायला येणाऱ्याला, आणि मी शाळेत निघाले की मला. बोलताना ते आपल्या फाटकापाशी उभे असायचे आणि उजवा तळवा फाटकाच्या लोखंडी खांबावर टेकलेला असायचा, जसा पूर्वी बसच्या दांड्यावर असायचा.

दर रविवारी सकाळी त्यांची फेरी निघायची. हातात काठी, काठीच्या टोकाला बांधलेला पळा, काखेत पांढरं चिनी मातीचं वाडगं, खिशात बॅटरी, गळ्यात शिट्टी. कोणाच्याही परसात ते न विचारता शिरत. पळ्याने पाणी उपसून वाडग्यात ओतत आणि घरमालकाला बोलावून दाखवत. पांढऱ्यावर काळ्या अळ्या उलट्यासुलट्या वळवळताना दिसल्या की माणूस आपोआप गप्प होतो. करट्या म्हणजे रिकाम्या करवंट्या, नारळाच्या झाडाखाली पडलेला प्लॅस्टिकचा डबा, पोफळीच्या गळलेल्या झावळीचा होडीसारखा देठ, कुंडीखालची ताटली, फ्रिजच्या मागचा ट्रे, यातलं काहीही त्यांच्या नजरेतून सुटत नसे. मग ते खिशातून जुन्या कॅलेंडरचा कापलेला तुकडा काढत, त्यावर लिहीत "करट्या दोन, बाल्दी एक", जुन्या पंचाने भोक पाडत आणि समोरच्याच्या हातात देत. हे तिकीट. तिकिटाचा उपयोग काहीच नव्हता. पण पुढच्या रविवारी ते मागत, आणि नसलं तर फार वाईट नजरेने बघत. आमच्याकडे अशी सात तिकिटं जमली होती. महेशने ती देव्हाऱ्याच्या खणात ठेवली, कारण एकदा त्याचं हरवलं होतं आणि त्याला सगळ्या वाड्यादेखत "विनातिकीट" म्हटलं गेलं होतं.

पहिल्याच पावसाळ्यात त्यांनी ठरवलं, एकट्याने फिरून होत नाही, सगळ्या वाड्याने एकाच दिवशी पाणी ओतायला हवं. आरोग्य खात्याच्या पत्रकात अशा दिवसाला जे नाव असतं तेच त्यांनी वापरलं. देवळाबाहेरच्या फळ्यावर खडूने ठळक अक्षरात लिहिलं: "येत्या रविवारी ड्राय डे. सर्वांनी काटेकोर पाळावा. द. परब."

गोव्यात ड्राय डे म्हटलं की एकच अर्थ होतो. त्या दिवशी बार बंद. शनिवारी संध्याकाळी बाबनीच्या बारसमोर रांग लागली. बाबनीलाही कळेना की निवडणूक नाही, सण नाही, मग बंद कशासाठी, पण फळ्यावर लिहिलंय म्हणजे वरून हुकूम आला असणार असं समजून त्यानेही शटर अर्धं खाली ओढून घाईघाईने माल विकला. कधी न पिणाऱ्यांनीसुद्धा उद्या मिळणार नाही म्हणून घेऊन ठेवली. रविवारी सकाळी आठ वाजता दत्तारामभाऊंनी वाड्याच्या तिठ्यावर उभं राहून लांब शिट्टी मारली. एकही दार उघडलं नाही. दुसरी शिट्टी मारली. कुठल्यातरी खिडकीतून आवाज आला, "भाऊ, पाया पडतंय, डोकां दुखता!"

त्या दिवशी पाणी कोणी ओतलं नाही. उलट परसापरसांत रिकाम्या बाटल्या उघड्या तोंडाने उभ्या राहिल्या, आणि दुपारी पावसाने त्या काठोकाठ भरल्या. दत्तारामभाऊ सोमवारी दिवसभर एकेक बाटली आडवी करत फिरले. मंगळवारी फळ्यावर नवा मजकूर होता: "रविवारी कोरडा दिवस. बार चालू राहील. फक्त पाणी ओतायचे आहे." तेव्हापासून आमच्या वाड्यात त्याला कोरडा दिवस हेच नाव पडलं.

त्यांच्या हातून चुका झाल्या नाहीत असं नाही. धुराची गोष्ट अजून वाड्यात सांगतात. कोणीतरी त्यांना सांगितलं की नारळाची सोडणं, शेणी आणि कडुनिंबाचा पाला एकत्र जाळला तर डास आठवडाभर फिरकत नाहीत. दत्तारामभाऊंनी परसाच्या चार कोपऱ्यांत चार ढीग रचले. पाला ओला, सोडणं दमट. ज्वाळा येईना, धूर मात्र असा आला की नीरफणस दिसेनासा झाला. वारा पडला होता. तो धूर उठला, वर गेला नाही, उतारावरून घरंगळत खालच्या शेट्यांच्या घरात शिरला.

शेट्यांकडे त्याच वेळी मेघनाला बघायला पाहुणे आले होते. तेरेखोलची माणसं, फेरीबोटीने नदी ओलांडून आलेली. मुलगी पोह्यांचं ताट घेऊन बाहेर आली आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. तिला बघून आईच्या डोळ्यांत आलं. बाप उपरण्याने डोळे पुसू लागला. मुलाची आई आधी गोंधळली, मग तिच्याही गालांवरून ओघळ आले आणि ती हुंदका देत म्हणाली, "इतकी मायेची माणसं आम्ही कुठं बघितली नाहीत हो." मुलगा तर उठून अंगणात गेला आणि शर्टाच्या बाहीने डोळे पुसू लागला. मुलीला विचारलं, पसंत आहे का? मेघनाला नकार द्यायचा होता, असं तिने मला मागाहून सांगितलं. पण तोंड उघडलं तशी जी खोकल्याची उबळ आली तिने मान तीनदा खाली गेली. सगळ्यांनी तो होकार धरला.

"मग तू नंतर सांगितलं नाहीस?" मी विचारलं.

"सांगणार होते," ती म्हणाली. "पण तो अंगणातून आत आला, डोळे लालभडक, आणि माझ्यासाठी पाण्याचा कोप घेऊन आला. एवढ्या माणसांत पाणी आणायचं त्यालाच सुचलं."

तिचं उत्तम चाललंय. लग्नात दत्तारामभाऊंना पहिल्या पंगतीला बसवलं होतं. आणि डासांचं विचाराल तर दत्तारामभाऊ स्वतःच सांगायचे, "धूर गेलो, पाहुणे गेले, डास मात्र सांजेक परत इले. धूर म्हणजे डासांक फक्त चार घटकांची रजा."

मग त्यांनी मासे आणायचे ठरवले. आमच्या विहिरीत आणि त्यांच्या परसातल्या जुन्या दगडी डोणीत पाणी होतं, आणि ते ओतून टाकण्यासारखं नव्हतं. गप्पी मासे अळ्या खातात हे त्यांना ठाऊक होतं. पणजीला कोणा ओळखीच्याकडे ते मिळतात असं कळल्यावर ते लोणच्याची मोठी बरणी घेऊन गेले आणि परतीच्या बसला बरणी मांडीवर घेऊन बसले. शाळेच्या कामाने मीही त्या दिवशी पणजीला गेले होते, त्यामुळे पुढचा प्रकार मी डोळ्यांनी पाहिला.

म्हापसा सोडल्यावर एका वळणावर गाय आडवी आली. ड्रायव्हरने ब्रेक मारला आणि बरणी मांडीवरून सुटून पुढच्या सीटच्या पायाशी फुटली. दत्तारामभाऊ ताडकन उभे राहिले. गळ्यातली शिट्टी वाजली. बस जागच्या जागी थांबली. खऱ्या कंडक्टरने, म्हणजे पंचविशीतल्या एका पोराने, विचारलं, "कोणी वाजवली?"

"मी," दत्तारामभाऊ म्हणाले. "कोणी पाय हलवू नका! खाली माणसां आसत!"

माणसं नव्हती, मासे होते, पण कोणी चूक काढली नाही. सगळी बस पाय वर घेऊन बसली. मग एकेक जण वाकून चिमटीत मासे पकडू लागला. पाणी कुठून आणायचं? म्हाताऱ्या एका बाईने आपली प्यायच्या पाण्याची बाटली पुढे केली. तिने अर्धी रिकामी केली होती, उरलेल्या अर्ध्यात मासे गेले. एक मासा कॉलेजच्या मुलीच्या चपलेत सापडला, एक ड्रायव्हरच्या पायाशी. तो ड्रायव्हरने स्वतः पकडला आणि मागे पाठवला, हातोहात, जसे पूर्वी सुटे पैसे पाठवायचे तसे. शेवटी दत्तारामभाऊंनी बसभर नजर फिरवली, समाधानाने मान हलवली आणि दोन शिट्ट्या मारल्या. ड्रायव्हरने गाडी सोडली. तो तरुण कंडक्टर बिचारा दारात उभा होता. कोणाच्या बसमध्ये आपण आहोत हे त्याला पेडणे येईपर्यंत कळलं नसावं.

ते मासे जगले, वाढले. काकी रोज सकाळी डोणीपाशी उभ्या राहून त्यांच्याशी बोलत. दत्तारामभाऊंशी बोलत त्यापेक्षा थोडं जास्तच.

आमच्या तिसऱ्या पावसाळ्यात काकींना ताप आला.

पहिले दोन दिवस त्यांनी अंगावर काढला. तिसऱ्या दिवशी उठवेना. डोळ्यांच्या मागे दुखतंय म्हणाल्या, सांधे धरले. रक्त तपासलं, डेंग्यू निघाला. महेशने गाडी काढली आणि त्यांना म्हापशाला दाखल केलं. मागच्या सीटवर काकींचं डोकं मांडीवर घेऊन दत्तारामभाऊ बसले होते. मी पुढे महेशशेजारी होते. इतका गप्प कंडक्टर मी कधी पाहिला नव्हता.

रक्तातल्या पेशी रोज कमी होत होत्या. दत्तारामभाऊ इस्पितळाच्या बाकावर बसून राहत. मी डबा घेऊन गेले तेव्हा म्हणाले, "टीचर, सगळ्या वाड्याक मी शिकवलंय. सगळ्यांची परसां बघितलंय. आणि चावलो खंय? माज्याच घरात."

"भाऊ, डास दुसरीकडचाही असेल."

"नाय," ते म्हणाले. "ती घर सोडून जाता खंय? देवळात पण जाणा नाय. तो माजोच डास."

या वाक्यावर दुसऱ्या कोणत्याही वेळी मी हसले असते.

चौथ्या दिवशी पेशी वाढायला लागल्या. सहाव्या दिवशी काकी घरी आल्या. त्याच दिवशी त्यांचा मुलगा राजेश पणजीहून आला. तो चांगल्या नोकरीत, चांगल्या मनाचा, पण घाबरलेला. त्याने परसात एक चक्कर मारली आणि म्हणाला, "बाबा, पुरे झालं. सगळी झाडं काढायची. खाली फरशी घालायची. ऊन आलं की डास जातील. माणसं मी ठरवली आहेत, सोमवारी येतील."

मला वाटलं दत्तारामभाऊ आता उसळतील, आपलं ते सावलीचं वाक्य ऐकवतील. ते म्हणाले, "काप."

इतकंच. दुसरा दिवस रविवारचा. कोरडा दिवस. शिट्टी वाजली नाही. वाड्यातली माणसं आपापल्या दारात येऊन उभी राहिली, वाट बघितली आणि स्वतःच पाणी ओतून आत गेली.

काकींना यातलं काही सांगितलं नव्हतं. पण त्यांना ते कळलं होतंच. त्या दिवशी संध्याकाळी पाचच्या सुमारास मी पेज घेऊन गेले तेव्हा त्या चादर पांघरून पुढच्या सोप्यावर खुर्चीत बसल्या होत्या आणि फाटकाकडे एकटक बघत होत्या. मला वाटलं अशक्तपणाने नजर लागली असेल.

"टीचर," त्या हळूच म्हणाल्या, "त्या खांबाक बघ गो. उजव्या."

मी बघितलं. फाटकाचे दोन्ही खांब म्हणजे लोखंडी पोकळ नळ होते. डाव्यावर टोपण होतं. उजव्यावरचं कधीतरी पडलं होतं. त्या उघड्या तोंडातून एक डास वर आला, जरा थांबला आणि उडून गेला. थोड्या वेळाने दुसरा.

"आसपास फिरत असतील," मी म्हणाले.

"फिरणत नाय. घरातून निघतत," काकी म्हणाल्या. "पाव तास झालो बघतंय. रोज ह्यांचो हात थंय असता. हात काढलो की निघतत."

मी दत्तारामभाऊंना हाक मारली. ते आले. काकींनी फक्त बोट दाखवलं.

खांबात पळा जाईना. बॅटरी मारली तर आत काळं चकाकलं. घरात पिंपातलं पाणी काढायची एक पातळ नळी होती, ती आत सोडून त्यांनी तोंडाने ओढली आणि घाईघाईने दुसरं टोक वाडग्यात धरलं. थोडं तोंडात गेलं असावं, कारण बराच वेळ ते थुंकत होते. वाडगं भरलं. पांढऱ्यावर अळ्याच अळ्या. शेजारी महेश उभा होता, राजेश होता, खालून शेटये वर आले होते. तीन पावसाळे दत्तारामभाऊ ज्या खांबावर हात टेकून आम्हाला पाणी ओता म्हणून सांगत होते, त्याच खांबात ते पाणी होतं. भाषण चालू असेपर्यंत तळव्याचं झाकण. भाषण संपलं की दार उघडं.

दत्तारामभाऊंनी वाडगं खाली ठेवलं. खिशात हात घातला. कॅलेंडरचा तुकडा काढला, खांबावर ठेवून लिहिलं, पंचाने भोक पाडलं आणि खणखणीत आवाजात वाचलं:

"द. परब. खांब एक. मुदत: तीन पावसाळे."

आणि तो तुकडा दोन्ही हातांनी स्वतःलाच दिला.

आधी काकी हसल्या. आजारातून उठलेल्या माणसाचं हसणं, आवाज नाही, नुसती चादर हलत होती. मग शेटये, मग आम्ही सगळे. दत्तारामभाऊ हसले नाहीत. ते काकींच्या खुर्चीपाशी जाऊन उकिडवे बसले आणि म्हणाले, "अगो, माका दिसलां नाय."

"तुमचो हात होतो ना थंय," काकी म्हणाल्या. "हाताखालचां कसां दिसणार?"

सोमवारी सकाळी झाडं कापणारे आले. काकी अनंताच्या झाडापाशी खुर्ची टाकून बसल्या होत्या. राजेशला त्यांनी जवळ बोलावलं. "खांबाचो गुन्हो, आणि झाडांक फाशी? ह्यां खंयचां कोर्ट रे?"

राजेशने कापणाऱ्यांना थांबायला सांगितलं. शेवटी माणसं आलीच होती म्हणून कौलांवर वाकलेल्या फांद्या तेवढ्या कापल्या. पन्हळीत पाला साचत होता, तो साफ झाला. सोप्यावर थोडं ऊन यायला लागलं. बाकी सगळं तसंच राहिलं.

दत्तारामभाऊंनी खांब त्याच दिवशी वाळूने भरून वर सिमेंट लावलं असतं. पण नाही. आधी त्यांनी सगळ्या वाड्याला येऊन तो बघायला सांगितला. आत पाणी उरलं नव्हतं, पण काढलेल्यातल्या थोड्या अळ्या त्यांनी काचेच्या बाटलीत घालून तोंडाला घट्ट फडकं बांधलं होतं. लोक येत, ते खांब दाखवत, बाटली दाखवत, आणि अगदी अभिमानाने सांगत, "ह्यो माजो. मी स्वतः पोसलंय. तुमच्या फाटकाचो खांब बघा घरी जाऊन." त्या आठवड्यात आमच्या वाड्यात अकरा उघडे नळ सापडले. दोन फाटकांचे, बाकी मांडवांचे आणि कपडे वाळवायच्या दांड्यांचे. महेशने आमच्या टीव्हीच्या जुन्या खांबाला टोपण बसवलं आणि स्वतःहून जाऊन तिकीट मागून आणलं.

तिसऱ्या दिवशी काकींनी बाटली उकळत्या पाण्यात रिकामी केली आणि म्हणाल्या, "प्रदर्शन बंद." मग सिमेंट लागलं.

त्यानंतर त्यांच्या बोलण्यात एक बदल झाला. पूर्वी ते कोणाच्या परसात शिरले की थेट पळा पाण्यात घालत. आता आधी घरातल्या बाईमाणसाला विचारत, "वहिनी, सांजेक डास खंयच्या बाजून निघतत, तां सांगा." आणि ती सांगेल तिकडे जात. पुष्कळदा तिकडेच सापडायचं.

आमची डिचोलीला परत बदली झाली तेव्हा जून निम्मा गेला होता. सामानाचा टेम्पो भरला. मी निरोप घ्यायला गेले तर घरात कोणी नव्हतं. परसाच्या टोकाला नीरफणसाला शिडी लावलेली आणि काकी दोन्ही हातांनी ती धरून उभ्या. वर दत्तारामभाऊ. जुनी फांदी मोडल्या जागी खोडात एक पोकळी पडली होती, तिच्यात पाणी साठत होतं. ते तिच्यात वाळू-माती कालवून दाबून भरत होते. काकी खालून सांगत होत्या, "अजून डावीकडे. अजून. थंय नाय, वर." आणि ते दर वेळी "होय, होय" म्हणत होते.

पुढच्या उन्हाळ्यात ते गेले. शेट्यांच्या मेघनाने फोन करून सांगितलं. झोपेतच गेले, त्रास झाला नाही म्हणाली. पेडणं सोडल्यापासून मला त्यांना भेटायला जायचं होतं आणि गेले नव्हते, म्हणून माझ्याजवळ त्यांचं शेवटचं जे काही आहे ते त्या शिडीवरचंच.

"भाऊ, येतो आम्ही!" मी खालून ओरडले.

त्यांनी वळून बघितलं. दोन्ही हात कोपरापर्यंत चिखलाने भरलेले, एका गालावर माती. हात हलवला असता तर खाली काकींच्या डोक्यावर चिखल पडला असता. त्यांनी क्षणभर विचार केला. मग उजवं कोपर वर उचललं आणि तेच दोनदा हलवलं, गंभीरपणे, कोंबडा पंख हलवतो तसं.

"पुढे बघा!" काकी खालून म्हणाल्या. "पडाल!"

आणि ते पुन्हा झाडाकडे वळले.